दोन झाडांमधलं लुगडं

आधीच सांगतो, हे लिहिण्याचा मला अधिकार आहे असं मला वाटत नाही. रानातल्या मुक्कामाविषयी ज्यांनी डोंगर पायाखाली घातले त्यांनी लिहावं. मी पाठीवर बिऱ्हाड घेऊन आयुष्यात एकदाच डोंगरात चाललो, तेही कॉलेजच्या मुलांच्या रांगेत, शेवटून दुसरा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे काही अडलं की घरी विचारायला कुणी नसे आणि कॉलेजात विचारायची लाज वाटे. झाडाला झोळी बांधून तीत कसं झोपावं हे सांगायला माझ्यापेक्षा लायक माणसं जळगावातच पुष्कळ सापडतील. तरी लिहितो आहे, कारण त्या दिवसांत माझ्या डोक्यात जो गोंधळ झाला तो अजून पुरता निवळलेला नाही. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. मी शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून जळगावला आलेलो. होस्टेलवर मुलं एकमेकांना तालुक्याच्या नावाने हाक मारत, म्हणून मी ‘शिंदखेडा’. माझ्या खोलीतला जोडीदार रावेरचा होता. त्याचे आजोबा राजस्थानातून येऊन तिथे स्थायिक झालेले, वडिलांचा केळी भरून पाठवायचा धंदा. त्याला मात्र कुणी ‘रावेर’ म्हणत नसे. तो सगळ्यांचा ‘शेठ’.

भूगोलाचे सर त्या वर्षी नवीन होते. ते हिमालयात चालून आलेले. हिवाळ्याच्या सुट्टीत चोपड्याकडून सातपुड्यात शिरायचं, डोंगराच्या कडेकडेने पूर्वेला चालत पाल या गावापर्यंत जायचं आणि रावेरला उतरायचं, असा बेत त्यांनी मांडला. मुक्काम रोज नव्या जागी. तंबू न्यायचे नाहीत. प्रत्येकाने दोन झाडांमध्ये झोळी बांधून झोपायचं आणि वर ताडपत्री ताणायची. सर त्या झोळीला हॅमॉक म्हणत. आम्हाला ते नाव नवं होतं, वस्तू नवी नव्हती.

सराव मेहरूणच्या तलावाकाठी झाला. बोरीच्या झाडांना काटे, म्हणून सरांनी कडुनिंब निवडला आणि कॉलेजची कॅनव्हासची झोळी बांधून दाखवली. नियम ते तोंडीच सांगत आणि आमच्याकडून म्हणवून घेत. मांडीपेक्षा बारीक बुंध्याला बांधायचं नाही. वाळलेल्या झाडाला नाही, मोहोळ असलेल्या झाडाला नाही. दोरी सालीत रुतते, म्हणून बुंध्याभोवती आधी खाटेची नवार गुंडाळायची आणि दोरी तिला अडकवायची. खिळा नाही, फांदी तोडायची नाही. नाल्याच्या पात्रात मुक्काम नाही, पाणवठ्याच्या अगदी काठावरही नाही, कारण तिथे जनावरं येतात. एका झोळीत एकच माणूस. जमिनीवर कुणी झोपायचं नाही, कारण एक तर विंचू, आणि दुसरं, पालापाचोळा खरवडला की तिथली माती उघडी पडते. आणि सकाळी निघण्याआधी सगळं सोडून घ्यायचं. “मागे वळून बघायचं,” सर म्हणत, “आपण इथे होतो हे झाडालासुद्धा कळता कामा नये.” जो नियम मोडेल त्याला पुढच्या गावातून एसटीत बसवून परत पाठवणार, हेही त्यांनी सांगितलं.

कापड ज्याने त्याने आणायचं होतं. शेठने मुंबईहून नायलॉनची जाळी मागवली. मी रविवारी घरी गेलो.

घरी माझी थोरली बहीण, अक्का, बाळंतपणाला आली होती. तिचे दिवस अजून भरायचे होते, महिनाभर तरी अवकाश होता. तिचं पहिलं बाळ जगलं नव्हतं. त्याविषयी घरात कुणी बोलत नसे. ती ओट्यावर बसून मेथी निवडत होती आणि मला म्हणाली की तू डोंगरात कशाला जातोस, डोंगरातली माणसं जळगावात येऊन शिकतात. आईला मी म्हटलं की कॅम्पला एक मजबूत, लांब कापड पाहिजे. काय करायचं ते तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? वीस वर्षांचा घोडा झाडाला झोळी बांधून झोपणार, हे आमच्या ओट्यावर बोलायची सोय नव्हती. आईने पेटीच्या तळातून तिचं एक जुनं नऊवारी लुगडं काढलं. धुऊन धुऊन मऊ पडलेलं, पण कुठे विरलेलं नाही. तिला वाटलं असणार, अंथरायला किंवा पांघरायला नेतो आहे.

जळगावहून सकाळी निघालो आणि त्याच संध्याकाळी चोपड्यापुढचा पहिला मुक्काम ठीक झाला. दोन अंजनाच्या झाडांत मी लुगडं चौपदरी करून बांधलं. सरांनी नवार तपासली, गाठ ओढून पाहिली आणि माझ्या बांधणीकडे बोट दाखवून इतरांना म्हणाले की असं पाहिजे. कॉलेजात कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून चांगलं बोललं, असं तोवर झालं नव्हतं. शेठची जाळी मात्र रात्रभर त्याच्या पाठीत रुतली. सकाळी त्याच्या पाठीवर चौकडीचा नकाशा उमटला होता. मी लुगडं सोडलं, झटकलं, घडी केली, मागे वळून पाहिलं आणि चालू लागलो.

दुसऱ्या मुक्कामाला, दिवस मावळायच्या आत, फॉरेस्टचा गार्ड पाहणी करायला आला. वयस्क होता, मिशा पांढऱ्या. सगळे त्याला नाना म्हणू लागले. तो एकेका झाडापाशी जाऊन बुंध्याला हात लावत होता. माझ्यापाशी आला, नवार पाहून मान हलवली, आणि मग लुगड्याचा काठ दोन बोटांत धरून उभा राहिला. बोलण्यावरून कळलं की तो आमच्याच तालुक्याकडचा.

“हाई लुगडं कोनं शे?” त्याने विचारलं.

आईचं, मी म्हटलं.

“घरमा कोनी पोटुशी शे का?”

मी सांगितलं की बहीण आहे, पण अजून वेळ आहे. तो हसला. वाईट हसला नाही, आपल्या गावाकडचा माणूस चुकला की हसतात तसा हसला.

“पोर येवाना आधी झोयी बांधतस नही रे भाऊ. मायनं लुगडं, घरमा बाई भरेल, आनि तू आत्तेच बांधी बठना?”

एवढं बोलून तो पुढच्या झाडाकडे निघाला. मी तिथेच उभा राहिलो. बाळाची झोळी आजीच्या जुन्या लुगड्याची करतात हे मला माहीत होतं. शेतात कापूस वेचताना बाया लिंबाला झोळी बांधून पोर निजवतात, तेही रोजचं पाहण्यातलं. पण बाळाच्या आधी ती बांधायची नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते बायकांमधलं बोलणं असावं. आणि मग एकदम आठवलं की अक्काच्या पहिल्या खेपेला तिच्या सासरच्यांनी हौसेने धुळ्याहून रंगीत पाळणा आणून आधीच टांगला होता. नंतर तो माळ्यावर गेला आणि पुन्हा कुणी त्याचं नाव काढलं नाही. या खेपेला आईने घरात एक टोपडंसुद्धा शिवू दिलं नव्हतं. मला वाटलं होतं, वेळ मिळाला नसेल.

मी नानांच्या मागे गेलो आणि विचारलं की आता काय करू. माझा चेहरा पाहून त्यांना वाईट वाटलं असावं. ते म्हणाले की मी उगाच बोललो, माझी आई म्हणायची म्हणून तोंडातून गेलं, मनावर घेऊ नको. मी तरी हललो नाही. तेव्हा त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले की आता बांधलीच आहे तर सोडू नको, बांधलेली झोळी रिकामी सोडत नाहीत. मी म्हटलं की काल बांधली होती आणि आज सकाळी सोडलीही. शेवटी म्हणाले, बारशाला पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात ना, तसा एखादा गोल दगड ठेव, म्हणजे रिकामी नाही म्हणता येईल. पण हे सांगताना त्यांचीही खात्री दिसत नव्हती. मग ते सरांना भेटून, शेकोटी पेटवू नका असं बजावून निघून गेले.

मी नाल्यातून एक गोल, गुळगुळीत दगड आणला आणि लुगड्यात ठेवला. आता मी त्यात झोपायचं की नाही? झोपलो तर बाळाच्या जागी मी. नाही झोपलो तर सरांचा नियम मोडतो. एका झोळीत एकच, म्हणजे दगड असताना मी चालतो का, असंही मनात आलं. ते आज हसण्यासारखं वाटतं, पण त्या वेळी मी खरोखर तिथे अडलो होतो. शेवटी दगडाला झोळीत ठेवून मी ताडपत्रीच्या कडेला खाली जमिनीवर पडलो.

पहाटे सर पाहायला आले तेव्हा त्यांना झोळीत दगड आणि खाली विद्यार्थी दिसला. घाबरतोस का झोळीत, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते सोपं होतं. सर म्हणाले की आज सोडून देतो, पुन्हा जमिनीवर दिसलास तर परत जावं लागेल.

मग सोडायची वेळ आली. सरांच्या नियमाने सोडायलाच हवी होती. नानांच्या सांगण्याने सोडायची नव्हती. मी असा मार्ग काढला की दोरी नवारेतून काढायची, पण लुगड्याच्या दोन्ही टोकांच्या गाठी तशाच ठेवायच्या आणि दगड आत. म्हणजे झोळी सोडली नाही, नुसती जागा बदलली. तो गाठोड्यासारखा ऐवज मी पिशवीत भरला आणि चालू लागलो. चढावर तो दगड पाठीत असा बसे की दोन वेळा मी खाली बसलो.

दुपारी भाकरी खायला थांबलो तेव्हा शेठ माझ्या पिशवीत मीठ शोधत होता. त्याचा हात दगडाला लागला. त्याने तो बाहेर काढला, उन्हात धरून उलटसुलट पाहिला.

“सातपुड्यात दगडांची टंचाई आहे काय रे, शिंदखेडा?” तो म्हणाला. “सांगायचंस, बाबांच्या ट्रकमधून मागवले असते.”

सगळे हसले. मी दगड घेतला आणि परत लुगड्यात ठेवला. मी हसलो नाही हे त्याने पाहिलं असावं, कारण नंतर चालताना तो मागे राहिला आणि माझ्याबरोबर आला. मग मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो पुन्हा थट्टा करेल. तो हात पुढे करून म्हणाला, “दे इकडे. शिंदखेड्याचा भाचा आहे, जड असणारच.” आणि दगड, लुगडं, सगळं गाठोडं त्याने आपल्या पिशवीत घेतलं. थोडं पुढे गेल्यावर वळून म्हणाला की भाची असेल तर आधी सांग, मी तिला मराठी शिव्या शिकवणार नाही.

त्याच वाटेवर समोरून चार माणसं आली. आडव्या बांबूला घोंगडीची झोळी, तीत एक म्हातारा. दवाखान्याला न्यायला खाली रस्त्याकडे निघाले होते. डोंगरातल्या पाड्यांवरून आजाऱ्याला असंच आणतात. म्हातारा झोळीत आरामात पडून बिडी ओढत होता आणि आमच्या पिशव्या पाहून त्याने उचलणाऱ्यांना काहीतरी सांगितलं, त्यावर ते हसले. आम्ही वाटेच्या बाजूला झालो. शेठने विचारलं की हा शकुन कसा धरायचा, चांगला की वाईट. झोळी म्हणजे जन्म, झोळी म्हणजे दुखणं, आणि सरांच्या लेखी झोळी म्हणजे जमिनीला त्रास न देता झोपायची पद्धत. कापड तेच, गाठही जवळजवळ तीच. मग ती कुणाची हे कशावरून ठरतं? मी पुष्कळ विचार केला. पायाखालची वाट चुकू नये एवढंच भान होतं.

त्या संध्याकाळी मी स्वतःहून सरांकडे गेलो. परत पाठवतील तर पाठवोत, असं म्हणून सांगितलं. सर ताडपत्रीची दोरी ताणत होते. त्यांनी ती अर्धवट सोडली आणि एका खडकावर बसले. आईला माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं की मी तिला सांगितलंच नव्हतं, आणि मला माहीत नव्हतं.

“हे बघ,” सर म्हणाले, “माझे नियम झाडासाठी आहेत. तुझ्या बहिणीला त्यातलं काही लागू होत नाही. पण तुझ्या नानांचा नियम खोटा आहे हे मी कशावरून सांगू? मला त्यातलं कळत नाही.”

मला वाटलं होतं, ते म्हणतील ही अंधश्रद्धा आहे. म्हणाले असते तर राग आला असता, पण सुटलोही असतो. त्यांनी तसं म्हटलं नाही, त्यामुळे मी आणखीच अडकलो. त्यांनी कॉलेजची कॅनव्हासची झोळी मला झोपायला दिली आणि स्वतः भांड्यांच्या ताडपत्रीखाली, पोती अंथरून त्यावर पडले. जमिनीवरच. तो नियम त्यांनी आमच्यासमोर मोडला. वर त्यांनी विचारलं की घरी जायचं आहे का, पुढच्या गावातून यावलची एसटी मिळते. मी रात्रभर त्याचा विचार केला. अचानक घरी गेलो तर आई विचारणार, का आलास. सांगितलं तर ती आणि अक्का दोघी धास्तावणार, आणि त्या धास्तीनेच काही झालं तर? नाही सांगितलं तर नुसतं तिथे बसून मी काय करणार? सकाळी सरांना म्हटलं की चालतो.

पुढचे मुक्काम मला नीट आठवत नाहीत. उंच साग, त्यांची मोठी वाळकी पानं पायाखाली वाजत, आणि पुढे शेठच्या पाठीवर तो दगड. मी चालत असे आणि मनात अक्काचे दिवस मोजत असे, आणि प्रत्येक वेळी हिशेब वेगळा येई. कधी वाटे, घरी सगळं ठीक असेल आणि आपण मूर्ख आहोत. कधी वाटे, आत्ता, या क्षणी, ओट्यावर बायका जमल्या असतील. घरी देव्हाऱ्यापुढे उभं राहून काय म्हणायचं ते मला येत होतं, पण सागाच्या रानात कुणापुढे काय म्हणायचं ते कळेना. एकदा वाटेतल्या शेंदूर लावलेल्या दगडापुढे सगळे थांबले तेव्हा मी हात जोडले, आणि मग हात जोडून विचारायचं काय, हेच आठवेना.

पालला पोचलो तेव्हा तिथल्या फॉरेस्टच्या ऑफिसात टेलिफोन होता. आमच्या गावात फोन एकच, दूध डेअरीत. सरांनी ट्रंक कॉल लावायला सांगितला. ऑपरेटर दोनदा म्हणाला लागतोय, तिसऱ्यांदा म्हणाला लाइन बंद आहे. आम्ही दुपार तिथेच काढली. शेठ बाहेर पायरीवर बसून दगड पुसत होता, खरंच पुसत होता, रुमालाने. मला पाहून म्हणाला की धुळीने खोकला होईल त्याला. मी हसलो, त्या दिवसांत पहिल्यांदा, आणि लगेच वाटलं की हसायला नको होतं.

रावेरला उतरलो तेव्हा केळीचे ट्रक भरणं चालू होतं. रस्त्यावर केळीच्या वाळक्या पानांचा थर, ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर. शेठ आम्हाला थेट वडिलांच्या पेढीवर घेऊन गेला. त्याचे वडील गादीवर बसले होते. त्यांनी सगळ्यांना पाणी द्यायला सांगितलं, मुलाने सदरा वर करून दाखवलेले पाठीवरचे वळ पाहून कपाळाला हात लावला, मग चष्मा वर करून विचारलं की तुमच्यात शिंदखेड्याकडचा कोण.

मी पुढे झालो. हातातलं पाणी मी तसंच धरून राहिलो.

त्यांनी सावकाश सांगितलं. आम्ही जळगावहून निघालो त्या दिवशी दुपारी माझे वडील होस्टेलवर आले होते. मी तोवर गेलो होतो. वाटेत मला कुठे गाठायचं हे कुणालाच सांगता येईना. मग होस्टेलच्या रेक्टरांनी, पोरं शेवटी रावेरलाच उतरणार म्हणून, या पेढीवर फोन करून निरोप ठेवला होता. तेव्हापासून तो इथेच होता.

“बहिणीला मुलगी झाली,” ते म्हणाले. “दिवस भरायच्या आधीच आली, पण मायलेकी दोघी खुशाल आहेत. तुम्ही चोपड्याला निघालात ना, त्याच दिवशी, पहाटे.”